दोन बहिणी, देवाचे पुरावे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर माझा मुक्काम असतो. एका सुताराने मला घडवले. पाठ त्याने अशी कलती केली, की टेकताक्षणी माणसाला हायसे वाटे. एक पाय मात्र त्याच्या हातून आखूड कापला गेला. तरी नवा होतो तेव्हा लोक माझे कौतुक करत. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या आणि मला कोपऱ्यात सरकवले गेले. मुले माझ्यावर बूट घालून नाचतात. चालायचेच.

पण एका दुपारी मी जो गोंधळलो, तो अजून सावरलेलो नाही.

आत एका आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया चालली होती. बाहेर तिच्या दोन मुली माझ्यावर बसल्या होत्या. थोरली महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवायची. देव तिने कधीच मानला नव्हता. धाकटी इमारतींचे नकाशे काढायची आणि देवाला हात जोडल्याशिवाय पेन्सिलही उचलायची नाही. त्या दिवशी मात्र तिचे हात मांडीवर नुसते पडून होते.

"ताई, मला आज प्रार्थनाच सुचत नाही गं," ती म्हणाली. "पलीकडे कुणी नाहीच, असं वाटतंय. तू वर्गात ते पुरावे शिकवतेस ना? मला सांग."

थोरलीची चांगलीच पंचाईत झाली. पण बहिणीचा चेहरा पाहून तिने पदर सावरला आणि वर्गात उभी असल्यासारखी सुरुवात केली.

"प्रत्येक गोष्टीला कारण असतं. त्या कारणालाही कारण. मागे मागे जात कुठेतरी पहिलं कारण हवंच ना? तो देव."

"मग त्याचं कारण कोण?"

थोरलीने माझ्या पाठीवर थाप मारली. "बरं, हा बाक बघ. हा काय आपोआप झाला? कुणीतरी केला. मग एवढं जग कुणी केलं?"

मी ताठ झालो. देवाच्या कामी यायची माझी पहिलीच वेळ!

"ताई, हा डुगडुगतोय. जग करणाराही असाच धांदरट असेल, तर आईच्या हृदयाचं काय झालं ते कळलं मला."

मी खजील झालो. सुताराची चूक देवाच्या माथी कशी काय गेली, हे मला समजेना.

थोरलीने शेवटचा पुरावा काढला. "ज्याच्याहून मोठं काही सुचूच शकत नाही, असं काहीतरी मनात आण. ते नुसतं मनातच असलं, तर खरोखर असणारं त्याहून मोठं ठरेल. म्हणून ते खरोखरच असायला हवं."

"मग आई ठणठणीत झाली असं मी मनात आणलं, तर ती होईल?"

पुरावे संपले होते. थोरलीने धाकटीला जवळ ओढले.

मग दार उघडले. सर्जनबाईंनी तोंडावरचा मास्क खाली केला. "सगळं नीट झालं. धोका टळलाय."

धाकटी ताडकन उठली. आईला कधी भेटता येईल, पाणी कधी द्यायचं, असे विचारत ती त्यांच्यामागे गेली. थोरली मात्र बसूनच होती. भिंतीकडे तोंड करून ती हळूच म्हणाली, "उपकार झाले."

धाकटी दारातून वळली. "कुणाला म्हणालीस, ताई?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली आणि हमसून रडू लागली.

मित्रांनो, देव आहे की नाही, ते मला विचारू नका. कधी इथे आलात, तर माझ्यावर बूट घालून नाचू नका. आणि कुणी एकटेच बसलेले दिसले, तर पुरावे नसले तरी चालेल, शेजारी जाऊन बसा.