चवीचा रकाना

चहाच्या कंपनीत तीस वर्षं चहा चाखणाऱ्या माणसाने एका संध्याकाळी घराचं दार उघडलं आणि समोर उभ्या असलेल्या आपल्याच बायकोला अदबीने विचारलं, "आपल्याला कोण हवंय?"

बायकोने भाजीची पिशवी खाली ठेवली, स्वतःची ओळख करून दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला इस्पितळात नेलं. तिथे बुद्धी तल्लख करणारी एक नवी गोळी माणसांवर तपासून पाहत होते.

गोळी नामी निघाली. महिन्याभरात त्याला बायकोचं नाव, तिचा वाढदिवस आणि तिच्या माहेरच्यांनी केलेले सगळे अपमान तारीखवार आठवू लागले. हातपाय मात्र गार पडायचे, डावी पापणी फडफडायची, नखं दर तिसऱ्या दिवशी कापावी लागायची. इस्पितळाच्या फॉर्मवर तो हे सगळं इमानेइतबारे लिहायचा. फक्त 'चव' या रकान्यात खोटं लिहायचा. जीभ पार मेली होती, तिच्यापाठोपाठ नाकही गेलं होतं, आणि चव गेली की गोळी बंद, असा तिथला नियम होता.

कामावर कुणाला पत्ता लागला नाही. ओळीने मांडलेल्या कपांतला चमचा-चमचा चहा तो सुर्रकन ओढायचा, थुंकायचा आणि त्या-त्या मळ्याचा चहा आजवर कसा होता ते आठवून ठोकून द्यायचा. मग एकदा डिझेल सांडलेल्या ट्रकमधून आलेला चहा त्याने 'नाजूक, फुलांच्या वासाचा' ठरवला. साहेबांनी घोटभर घेतला, तोंड धुतलं आणि सर्दी झाली असेल म्हणून त्याला घरी पाठवलं.

घरी बायकोने चहा दिला. लग्न झाल्यापासून तिच्या चहाला तो रोज नावं ठेवत आला होता. पाणी जास्त, पावडर शिळी, उकळून जीव घेतलास.

"कसा झालाय?" तिने सवयीने विचारलं.

"छान."

ती मटकन खुर्चीत बसली. "कधीपासून चव गेलीय?"

त्याने सगळं सांगून टाकलं. "गोळी सोडली तर जीभ परत येईल म्हणतात. नोकरी वाचेल."

"आणि मला विसराल."

त्याने कप खाली ठेवला.

"नोकरी सोडा," ती म्हणाली. "गोळी नाही."

त्याला रडू आलं. त्या कामाखेरीज त्याला दुसरं काही येत नव्हतं. "पण तुझा चहा मला पुन्हा कधीच कळणार नाही गं."

"बरं झालं," डोळे पुसत ती म्हणाली. "फार नावं ठेवलीत."