बाईंनी मुकुट घातला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मुकुट आहे. सोन्याचा समजू नका हं, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा! पत्रेवाल्याने माझी सात टोके कापली, लेकरांना लागू नये म्हणून कडा दुमडल्या आणि मला चर्चच्या संडे स्कूलला देऊन टाकले. सोनेरी रंग चढला आणि मी असा काही तोऱ्यात आलो, की विचारू नका.

दर रविवारी बाई इस्राएलच्या एका राजाची गोष्ट सांगत. त्या दिवशी राजा होणारे मूल मला डोक्यावर घालून बसे. शहाणपणासाठी प्रसिद्ध असलेला शलमोन राजा झालेली मुले उगाच शहाण्यासारखा चेहरा करत. मात्र मला उतरवण्याआधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागे : राजा कुठे चुकला?

एकदा शौल राजा होण्याची पाळी शिंप्याच्या मुलीची होती. तिने मला कपाटातून काढले, तर माझे एक टोक गायब!

"पाडलास ना?" बाई कडाडल्या.

"नाही बाई, खरंच. आधीच तुटलेला होता."

"वर खोटं बोलतेस? जा, मागे बस."

मुले तिला 'मोडकी राणी' म्हणू लागली. पुढच्या रविवारी ती आलीच नाही.

खरे काय ते मला ठाऊक होते. त्याआधीच्या आठवड्यात पुन्हा रंग द्यायला बाईंनीच मला घरी नेले होते. परत आणताना पिशवीत माझ्यावर गीतांच्या पुस्तकांचा गठ्ठा ठेवला आणि मला न बघताच कपाटात सरकवले. पण पत्र्याला कुठले तोंड? मी आतल्या आत कुढत राहिलो.

महिन्याभराने रिकाम्या वर्गात चष्मा शोधताना बाईंनी पिशवी टेबलावर उलटी केली. माझे टोक बाहेर पडले. बाईंनी मला कपाटातून काढून ते मोडक्या जागी लावून पाहिले, तर नेमके बसले. गप्प राहिल्या असत्या, तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्या तडक शिंप्याच्या घरी गेल्या.

त्या रविवारी मुलगी आली, पण दाराशीच थांबली. गोष्ट दावीद राजाची होती.

"शौलाने आपली चूक लोकांवर ढकलली," बाई म्हणाल्या. "दावीदही चुकला. पण नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितल्यावर त्याने ते कबूल केलं. देवाने त्याला क्षमा केली."

मग त्यांनी मलाच डोक्यावर घातले. मुले खो खो हसली.

"राजा कुठे चुकला?" कुणीतरी ओरडले.

"राजाचं राहू दे, मी चुकले. टोक माझ्या पिशवीत मोडलं आणि आळ मी हिच्यावर घेतला. बाळा, मला माफ कर."

मुलगी पुढे आली. तिचे डोळे भरले होते.

"बाई, आधी मुकुट काढा. तुटकी कड तुमच्या कपाळाला लागतेय."

बाई हसल्या, रडल्याही. आणि मला किती हलके वाटले म्हणून सांगू!

मित्रांनो, माझे टोक पत्रेवाल्याने डाख लावून दोन मिनिटांत बसवले. मला जपून वापरा, ओल लागू देऊ नका. पण उद्या मी मोडलोच, तर माझ्यापायी कुणा लेकराला खोटे ठरवू नका. मी काय, पत्र्याचा आहे.