ओटीआधीचा फोन

मित्रांनो, मी नदी आहे, पण समुद्र मी पाहिलेला नाही. पुण्यातल्या एका प्रशिक्षण केंद्राच्या अंगणात पितळी तोटीतून मी उगम पावते आणि बावीस फुटांवर एका बादलीला जाऊन मिळते. मी सिमेंटची आहे. महाराष्ट्रातून कर्नाटकात जाणाऱ्या एका खऱ्या नदीची मी प्रतिकृती.

महिपती गवंड्याने मला घडवलं. नकाशा समोर ठेवून त्याने थापीने माझी वळणं काढली आणि काठावर काडेपेटीएवढी घरं बसवली. दोन राज्यांची हद्द दाखवायला तांबडी रेघ ओढून तो हसत म्हणाला होता, "पाण्याला काय दिसणार आहे ही!"

पुढे कितीतरी वर्षं अभियंते यायचे, तोटी सोडायचे आणि पूर कसा चढतो ते वाकून पाहायचे. माझं कौतुक व्हायचं. मग पडद्यावरचे रंगीत नकाशे आले आणि माझी तोटी बंद झाली. माझ्यात पाला साठला, कडेला स्कूटर टेकू लागल्या. कचेरीतल्या अनंतरावांनी पाटी लावली : 'ही नदी आहे. गाड्या टेकवू नयेत.' दुसऱ्या दिवशी एक स्कूटर पाटीलाच टेकलेली होती.

गेल्या उन्हाळ्यात नदीकाठच्या गावांच्या कारभारणी पाच दिवसांच्या पूरप्रशिक्षणाला आल्या. हद्दीअलीकडच्या सरपंच, पलीकडच्या ग्रामपंचायत अध्यक्षा. त्यांत वरच्या अंगाच्या गावची चंद्रभागा होती आणि हद्दीपलीकडे, खालच्या अंगाच्या गावची नीलव्वा होती. दोघी पहिले दोन दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीत चंद्रभागा माझ्याजवळ थबकली. पदर खोचून तिने पाला उपसला आणि वळणावरून स्वतःचं गाव ओळखलं. "ही तर आमचीच नदी हाय," ती म्हणाली. शिकवणाऱ्या अक्षताताईंनी लगेच सगळ्यांना अंगणात बोलावलं. एकेक बाई एकेक कचेरी झाली. वरच्या गावाने पुराची चिठ्ठी द्यायची. ती तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मग दुसऱ्या राज्यात आणि शेवटी खालच्या गावाला पोचायची. तोटी सोडली. चिठ्ठी चौथ्या बाईच्या हातात होती, तेव्हा नीलव्वाच्या गावची घरं बुडालीसुद्धा. सगळ्या हसल्या. नीलव्वा मात्र हसली नाही.

"मागच्या पुरात असंच झालं की," ती म्हणाली.

त्यांच्या भागात कन्नड बोलणाऱ्यांनाही मराठी चांगली येते.  मग चंद्रभागेने सांगितलं, की तिच्या गावच्या घाटाच्या तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की गावच्या बायका नदीची ओटी भरतात. खण, नारळ, वाजंत्री, घरोघर पुरणपोळी. त्या वर्षी पाणी उशिरा आलं होतं, म्हणून आनंद जास्तच होता.

"तुमी ओटी भरली, तवाच पाणी माझ्याकडं निघालं होतं," नीलव्वा म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या सहा म्हशी दावणीलाच गेल्या. आणि शेजारची म्हातारी गेली. एवढी वाजंत्री वाजली, एक फोन नाही वाजला?"

चंद्रभागा म्हणाली, "आमाला वाटलं, आई भेटाय आली. आमच्या दारातनं ती कुणाच्या दारात जाती, ते ध्यानातच आलं नाही, बाई."

मग दोघी माझ्या काठावर उकिडव्या बसल्या. एकीने खडूने घाटाच्या पायऱ्या काढल्या, दुसरीने आपल्या गोठ्यांच्या गल्लीत खडा ठेवला. जुने पूर आठवून आठवून त्यांनी ताळा जुळवला. संध्याकाळी तिसरी पायरी भिजली, की दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली भिजते. मधे जवळजवळ अठरा तास. सरकारी निरोप जाईल तसा जावो, पण आधी फोन, मग नारळ, ही नीलव्वाची अट. तिचा फोन लागला नाही तर कोणाला करायचा, तेही लिहून घेतलं.

मला शंका होती. पुण्यात केलेले बरेच निश्चय स्वारगेटला एसटीत बसेपर्यंतच टिकतात.

श्रावणात अक्षताताई पहारेकरी नागोरावांना सांगत होत्या, ते मी ऐकलं. तिसरी पायरी भिजली होती. बायका ताटं घेऊन पावसात उभ्या, वाजंत्रीवाले तयार, आणि नीलव्वाचा फोन काही लागत नव्हता. "लागल तवा लागल, वेळ टळती," म्हाताऱ्या बायका कुरकुरू लागल्या. चंद्रभागेच्या सासूने तर चारचौघींत सुनावलं, की सरपंच झालीस म्हणून नदीपेक्षा मोठी झालीस का. चंद्रभागेने ताट खाली ठेवलं नाही आणि पुढेही केलं नाही. पाऊण तासाने दुसऱ्या नंबरवर नीलव्वाच्या गावच्या शिक्षिका मिळाल्या. नीलव्वाला निरोप मिळाला आणि तिचा उलटा फोन आला. "कळलं. आता भरा तुमची ओटी," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी गोठ्यांत शिरलं. दावणी मोकळ्या होत्या. घरांत माणूस नव्हतं. सगळं गाव टेकाडावरच्या शाळेत होतं.

आता दर महिन्याला प्रशिक्षणाच्या नव्या तुकडीसाठी माझी तोटी सुटते. एका वळणावर मला तडा गेला आहे. कोणी बुजवला तर बरं वाटेल. पण मित्रांनो, त्याहून मोठी विनंती वेगळी आहे. तुमच्या दारावरून पाणी पुढे गेलं, की ते कोणाकडे गेलं याची चौकशी करा. तिथेही कोणी राहतं. तिचं नाव विचारून ठेवा, तिचा नंबर पाठ करा, आणि पाणी चढू लागलं की हातातलं ताट तसंच ठेवून पहिल्यांदा तिला हाक मारा.