पुतळीचं गवत

"बाबा, थांबा! हे काय केलं तुमी?"

पुतळी हातातला पाण्याचा पाइप तिथंच टाकून धावली, पण आता धावून काही उपयोग नव्हता. फाटकापासून रंजनाताईंच्या नव्या पाहुणघरापर्यंत जाणाऱ्या वाटेच्या डाव्या बाजूचं सगळं गवत कापून झालं होतं आणि तिचा सासरा पोश्या शेवटचा भारा आवळत होता. एवढं काम एकट्यानं उरकल्याचा आनंद म्हाताऱ्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"राबाला घेतलं," तो म्हणाला. "पार वाळलेलं. उभं ठेवून काय करायचं? तुझीपण जागा साफ झाली."

भाताचं रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, गवत पसरून भाजायचं, म्हणजे राब. माघ लागला की इथली म्हातारी माणसं वाळल्या काडीकडे दुसऱ्या नजरेनं बघूच शकत नाहीत. देवळासमोर वाळकं गवत दिसलं असतं तरी पोश्यानं आधी विळा काढला असता आणि मग हात जोडले असते.

"ते राबाचं नव्हतं, बाबा," पुतळी म्हणाली. "ते लावलेलं होतं."

"गवत?" पोश्यानं विचारलं. "लावलेलं?"

आता यात त्याचा तरी काय दोष? दाभोसा गावात आजवर गवत कुणी लावलं नव्हतं. ते आपोआप येतं, आणि भातात आलं की उपटता उपटता कंबर मोडते. रंजनाताईही हेच म्हणाल्या होत्या. जव्हारच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी धबधब्याच्या वाटेवर पाहुण्यांसाठी चार खोल्यांचं घर बांधायला काढलं आणि बागेचं काम पुतळीला दिलं, ते गेल्या आषाढात.

"दोन्हीकडे एक्झोराच लावू," ताई म्हणाल्या होत्या. "बारा महिने हिरवा, लाल फुलांचे गुच्छ, आणि कातरला तरी रुसत नाही. गवताला कशाला पैसे घालायचे गं?"

"हे तसलं नाय, ताई. याला फाउंटन म्हणतात. तांबडे तुरे येतात. वारा आला का असं झुलतं, का जाणारा माणूस उभा राहतो."

"आणि उन्हाळ्यात काय होतं त्याचं?"

पुतळीला ते माहीतच नव्हतं. दिवाळी झाली की अर्धा पाडा टेम्पोत बसून जगायला, म्हणजे शहराकडे मजुरीला, जातो. पुतळी आणि तिचा नवरा नवसूही जायचे, ठाण्याकडच्या एका नर्सरीवाल्याकडे. नव्या इमारतींपुढं बागा लावायच्या, होळीला घरी परतायचं, पुढच्या वर्षी दुसरी इमारत. किती बागा लावल्या, पण लावलेल्याचं पुढं काय झालं ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. एकदा मुद्दाम वाट वाकडी करून एका बागेपाशी गेली, तर वॉचमननं फाटकातच अडवलं. "किससे मिलना है?" झाडांना भेटायचंय, असं कसं सांगणार? गजांतून जेवढं दिसलं तेवढं बघून ती परतली होती.

शेवटी तडजोड झाली. उजवीकडे एक्झोरा, डावीकडे गवत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे पाड्याच्या आखातीला, पाहुणघर सुरू होणार होतं. बाग लोकांना आवडली तर घरामागचा सगळा उतार पुतळीच्या हाती आणि वर्षभराचं काम. त्या शब्दावर ती या दिवाळीला टेम्पोत बसली नव्हती. नवसू एकटाच गेला, तोही चिडून. "बस तुझं गवत राखत," असं म्हणून गेला.

आणि आता राखायला गवतच उरलं नव्हतं.

संध्याकाळी ताई आल्या. एका बाजूला एक्झोरा दिमाखात उभा, दुसऱ्या बाजूला नुसते खुंट. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, "पुतळे, वेळ आहे अजून. याही बाजूला एक्झोरा लावून मोकळ्या होऊ."

"ताई, जरा थांबा. आखातीपर्यंत."

"आणि नाही आलं तर?"

"नाय आलं तर मीच खणून काढीन. आणि दिवाळीला टेम्पोत बसीन."

त्या दिवशी पुतळीनं सासऱ्यापुढं भाकरी ठेवली, पण शब्द ठेवला नाही. पोश्या मान खाली घालून जेवला. सकाळी ती बागेत पोचली, तर म्हातारा डोक्यावर भारा घेऊन फाटकात उभा. राबावर पसरलेलं गवत त्यानं पुन्हा गोळा करून आणलं होतं.

"घे तुझं गवत," तो म्हणाला. "उभं करता येत असल तर बघ."

पुतळीला एकदम हसू फुटलं आणि हसता हसता रडू आलं. तिनं भारा उतरवून घेतला. उभं करता येत नव्हतं, पण आडवं करता येत होतं. तिनं ते खुंटांच्या बुडाशी दाबून पसरलं, उरलेलं एक्झोराच्या मुळाशी घातलं. ओल तरी टिकेल, एवढाच विचार.

मग ती रोज पाणी घालू लागली. फाल्गुन चढला, डोंगर पिवळे पडले. एक्झोरा मात्र घरातल्या थोरल्या सुनेसारखा, कुणी बघो न बघो, आपल्या कामात. लाल गुच्छांनी लगडलेला. त्याचा पुतळीला राग येई आणि राग आल्याची लाजही वाटे. तोही तिनंच लावला होता.

पाण्याला जाणाऱ्या बायका फाटकाशी थांबून हसत. "पुतळे, खुंट्यांना पाणी घालतंस? गुरं बांधायचीत का?"

"तुमालाच बांधते, या," पुतळी म्हणे. पण त्या गेल्या की तिचा चेहरा उतरे.

पोश्याही रोज यायचा. उकिडवा बसून खुंट बोटांनी चाचपायचा आणि निघून जायचा. होळी झाली, त्यानंतर एका सकाळी त्याची हाक इतकी मोठी आली की ताई घरातून चपला न घालता बाहेर आल्या.

"पुतळे! ये, ये इकडं! फुटलं!"

पसरलेल्या वाळक्या गवतातून सुईएवढी हिरवी टोकं वर आली होती. पुतळीनं जमिनीला गाल टेकवून पाहिलं. एका खुंटाला, दुसऱ्याला, त्याच्या पलीकडच्यालाही.

"कापल्याबिगर नवं येतंय कुठं?" पोश्या ऐटीत म्हणाला. हे शहाणपण त्याला त्याच क्षणी सुचलं होतं, पण पुतळीनं ते त्याच्याकडे राहू दिलं.

अक्षय्य तृतीयेपर्यंत गवत मांडीला लागलं. आधीपेक्षा दाट, आणि नव्या तुऱ्यांनी भरलेलं. दुपारभर पाहुण्यांनी एक्झोरापुढं उभं राहून फोटो काढले. पुतळी मागच्या बाजूला भांडी पुसत ऐकत राहिली. ऊन कललं, दरीतून वारा वर आला, आणि डावी बाजू या टोकापासून त्या टोकापर्यंत हलली. बोलणारी माणसं बोलता बोलता थांबली, तशी पुतळी हातातलं भांडं घेऊनच पुढं आली. ताईसुद्धा हातात ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या, चहा निवला तरी.

"पुतळे," त्या म्हणाल्या, "घरामागच्या उतारावर मग गवतच ना?"

पुतळीनं हातातलं भांडं खाली ठेवलं. "दोन्ही लावू, ताई. माघात हे वाळलं का एक्झोरा हिरवा दिसायला पायजे. आणि एक्झोरा काय, वाऱ्यात हलत नाय. दोघं पायजेत."

होळीला परतलेला नवसूही त्या दिवशी बागेत आला होता. तो वाटेवरून दोनदा खाली-वर फिरला आणि म्हणाला, "म्हंजे आता तू नाय यायची."

"तूपण नको जाऊस. उतार लय मोठा हाये."

दिवाळीनंतर टेम्पो आले आणि गेले. पाड्यातल्या कितीतरी दारांना कुलपं लागली. पुतळी-नवसूच्या दाराला लागलं नाही.

पुन्हा माघ आला. गवत वाळलं. पोश्याला आता उकिडवं बसवत नव्हतं, म्हणून तो दगडावर बसून कुठवर कापायचं ते सांगत होता आणि पुतळी कापत होती. तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी थांबलं. पाड्यातली गौरा होती, एका लग्नासाठी ठाण्याहून आलेली. दोघींनी मिळून कितीतरी बागा लावल्या होत्या. गौरा गजांतून बघत होती.

"हेच ना ते? आपुन लावायचो ते?"

"हेच."

"आनि कापून टाकतंस?"

"येतं परत."

"तुला काय ठाव?"

"बघितलंय मी," पुतळी म्हणाली. तिनं विळा खाली ठेवला, हात लुगड्याला पुसले आणि फाटक सताड उघडलं. "बाहेरून काय बघतंस? आत ये."