शालीखालचे दहा आकडे

"विश्वातले सगळे आकडे माझ्या मुठीत आहेत!" अशी गर्जना करून आकडेमहाराजांनी समोरचे नारळ मोजले. चौदा भरले. पुन्हा मोजले, तेरा. तरी डोंगरकड्याचा बाजार हात जोडून उभाच.

एकोणीसशे एकेचाळीसची गोष्ट. मुंबईच्या कापूस बाजारातल्या रुईचा भाव हिंगोलीला तारेनं येई आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावर लोक आकड्याच्या दुकानात पैसे लावत. शून्य ते नऊ, कुठलाही एक. आणा लावा, लागला तर आठ आणे. महाराज दर बाजारी दहा भक्त निवडत आणि जनावरांचे दलाल रुमालाखाली भाव ठरवतात तशी शालीखाली एकेकाची बोटं दाबून आकडा देत. "बोललास तर आकडा बाटला!" दर वेळी एकजण जिंके, त्याची हलगी लावून मिरवणूक निघे. हरलेल्या गोजरबाईला महाराज म्हणाले, "तुझ्या मेलेल्या लेकराचा विटाळ आडवा आला." ती तीन दिवस उपाशी राहिली. ते तीन दिवस महाराज तिच्याच कोंबड्या खात होते. मला सभ्य शब्द सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

मागच्या बाजारी जिंकला मसाजी मेंढपाळ. आज तो पाच गाभण मेंढ्या विकून सगळा पैसा लावणार होता. खाटीक दोरी घेऊन तयार. तेवढ्यात मसाजीची बायको चांगुणाबाई आडवी आली.

"काहून अडवून राहिली? म्हाराजांनी आकडा देला हाय!"

"मंग बाकीच्या नऊ जणांना काय देला?"

"ते बोलायचं न्हाई."

"बोलू नगा. बोटं वर करा, समदे एकदम. रुमालाखाली दलाल एकाला एक अन् दुसऱ्याला दुसराच भाव दाबतो. मेंढ्या इकल्यात मी."

उपास करून पुन्हा दहा जणांत आलेल्या गोजरबाईनं आधी तीन बोटं वर केली. मग बाकीचे हात उठले. बंद मुठीपासून नऊ बोटांपर्यंत, एकासारखा दुसरा नाही. दहा माणसं, दहा आकडे. एकाचा लागणारच!

"ही तुमची परीक्षा होती," महाराज म्हणाले.

"अन् गोजरबाईच्या लेकराची?" चांगुणाबाईनं विचारलं.

मसाजीनं मान खाली घालून मेंढ्या वळवल्या.

वाचकहो, महाराज नसले तरी खेळ हाच. दहाजण दहा आणे लावतात, एकाला आठ मिळतात, दोन दुकानदाराच्या पेटीत. आकड्याला तुमचं पाप-पुण्य ठाऊक नसतं, मागचा बाजारही आठवत नसतो. खेळायचंच तर गेला तरी चालेल असा आणा लावा. मेंढी लावू नका.

महाराजांनी घाम पुसला आणि खाटकाला हळूच विचारलं, "भाऊ, हिंगोलीची मोटार किती वाजता सुटते, तेवढं सांगता का?"