धक्क्यावरचा झुबेर

मित्रांनो, पनवेलच्या राममंदिरात येणारी माणसं मला लंका समजून हात जोडतात. पण मी लंका नाही. मी शिडाच्या जाड कापडावर रंगवलेला एक जुना पडदा आहे, आणि माझ्यावर जळतंय ते परमुलखातलं एक बंदर आहे.

मला वहाबने रंगवलं. दुसऱ्या महायुद्धात तो मालवाहू जहाजावर खलाशी होता. धाकटा भाऊ झुबेरही त्याच जहाजावर. एका सकाळी झुबेर भाजी आणायला बंदरात उतरला आणि तेवढ्यात समुद्रातून शत्रूच्या नौकांनी मारा सुरू केला. वहाबचं जहाज दोर तोडून खोल पाण्यात पळालं. झुबेर मागेच राहिला.

पनवेलला परतल्यावर वहाब तीन महिने अंगणात बसून मला रंगवत होता. तीन काळ्या नौका, धुराने भरलेलं आभाळ, कलती घरं, आणि डाव्या कोपऱ्यात, धक्क्यावर, हातात टोपली घेतलेला झुबेर. त्याचा कधी कुणी फोटो काढला नव्हता. जगात त्याचा चेहरा उरला तो माझ्या अंगावर, अंगठ्याच्या नखाएवढा.

चाळीसहून जास्त वर्षं मी वहाबच्या ओटीवर होतो. पाहुणे म्हणत, "काय हुबेहूब आग काढलीय!" आणि मग पाठ करून बसत. माझ्यासमोर चहा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. पुढे घराचं छप्पर बदलायला काढलं. वहाबच्या मुलीने, आसियाने, मला गुंडाळून परसात ठेवलं आणि भंगारवाल्याने जुन्या पत्र्यांबरोबर मलाही उचलून नेलं.

भंगाराच्या दुकानात मला राममंदिराचं काम पाहणाऱ्या अवधूतरावांनी पाहिलं. मी अर्धा उलगडलो नाही तोच ते म्हणाले, "अहो, ही तर लंका!" साल एक्क्याण्णव. चैत्रातलं रामाचं नवरात्र चालू होतं. मला मंदिराच्या मंडपात टांगलं, हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. एवढा मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. पण अवधूतराव चार पावलं मागे सरून म्हणाले, "एकच उणं आहे. मारुती नाही."

गव्हाणचा सुदाम पेंटर आला. होड्यांवर नावं रंगवणारा हात त्याचा.

"आनि या बोटी कसल्या?" त्याने विचारलं.

"पुसून टाक. लंकेला कुठल्या आल्या बोटी?"

सुदामने निळ्या रंगात रुंद ब्रश बुडवला. एक नौका गेली. दुसरी गेली. तिसरीही गेली. मित्रांनो, आता नुसती आग उरली, ती लावणारं कुणीच दिसेना. मग त्याने खडूने मारुतीची आकृती काढली. पेटलेली शेपटी नेमकी झुबेरच्या तोंडावरून जात होती.

"या मानसाचा काय करू?"

"असेल एखादा राक्षस. घे रंगवून. पाचला कीर्तन उभं राहायचंय."

सुदामने तांबडा रंग ढवळला. ब्रश माझ्या अंगापासून वीतभर लांब आला.

"थांब रे!"

पायरीवर वहाब उभा होता. सत्तरी उलटलेला, काठीवर झुकलेला; मागे धापा टाकणारी आसिया. बाजारातून येताना तिनेच मला ओळखलं होतं.

"तो राक्षस नाय," वहाब म्हणाला. "तो माझा भाऊ हाय."

अवधूतराव गडबडले. "चाचा, आता सगळा गाव जमेल. एवढ्याशा ठिपक्यासाठी पडदा अर्धा ठेवू?"

"ठिपका? अम्मी मरेपर्यंत त्या ठिपक्याला रोज दुआ द्यायची."

कीर्तनकार सुमतीताई मंडपात टाळांची दोरी बांधत होत्या. त्या उठून आल्या. "अवधूतराव, मारुतीरायांनी लंका जाळली, पण एक घर राखलं. कुणाचं?"

"बिभीषणाचं."

"शेपटीला आग लागलेली असताना ज्यांनी घर बघून उडी टाकली, त्यांच्या नावाने तुम्ही न बघता ब्रश मारणार?"

अवधूतरावांनी सुदामकडे पाहिलं. सुदाम हसला. "शेपूट आमी वर वळवतो, ताई. मारुतीला काय अडचन नाय."

सुमतीताई माझ्याजवळ वाकल्या. "चाचा, याच्या डोक्यावर ही काळी टिकली कसली?"

"तोफेचा गोळा." वहाब म्हणाला. "तेवढंच मी बघितलं. मग आमचं जहाज वळलं. पुढचं बघितलं नाय, म्हणून काढलं नाय. गोळा वरच ठेवला."

त्या दिवशी कीर्तनाच्या उत्तररंगात, आख्यानात, लंका पेटली. एरवी या जागी टाळ्या पडत. सुमतीताईंनी हात माझ्या कोपऱ्याकडे केला आणि झुबेरची हकिकत सांगितली. तबला आपोआप थांबला. टाळी कुणीच वाजवली नाही. वहाब पायरीवर बसून ऐकत होता. जाताना म्हणाला, "राहू दे इथेच. घरात त्याला मी एकटाच बघतो."

मित्रांनो, वहाब आता नाही. रामाचं नवरात्र सोडलं तर मी वर्षभर मंदिराच्या माळ्यावर गुंडाळलेला असतो. मला ओल लागली आहे, उंदरांनी कड कुरतडली आहे, आणि एक बारीक चीर रोज थोडी थोडी डाव्या कोपऱ्याकडे सरकते आहे. हार मला नकोत. अधूनमधून ऊन दाखवा, चिरेला दोन टाके घाला. हे कापड धड आहे तोवरच तो गोळा वर अडकून आहे.