घंटागाडीचा बीट

नामपूरचा जीवन पंचवटीत ललितामावशीकडे राहून रॅप करणाऱ्या पोरांना बीट बनवून द्यायचा. मागची खोली हाच त्याचा स्टुडिओ; आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या लावलेल्या. त्याचा प्रत्येक बीट एकट्या रडक्या सनईने सुरू व्हायचा आणि मग पोटात घुमणारा बेस यायचा. याला तो आपली शैली म्हणायचा. नाव त्याने 'जे-शून्य' घेतलं होतं आणि फोटोत तो हसत नसे.

त्याचा मुख्य रॅपर हर्षल. वडिलांची गुलाबाची पॉलीहाऊसं असल्यामुळे हर्षलला भुकेवर गाणी लिहायला निवांत वेळ मिळायचा. एकदा त्याने एक बीट परत केला.

"यात दर्द कमी आहे, भावा."

"सनई आहे की."

"त्यानेच लग्न वाटतंय."

त्याच आठवड्यात कचऱ्याचे ठेकेदार सुनीलभाऊ घंटागाडीसाठी नवं गाणं शोधत होते. मावशीने परस्पर जीवनचं नाव सुचवलं. जीवनला ते फार लागलं, पण नाही म्हणवेना. नाकारलेल्या बीटवर त्याने ओल्या-सुक्या कचऱ्याच्या चार ओळी बसवल्या आणि मावशीकडूनच म्हणवून घेतल्या. मावशीने त्या ओळी भाडेकरूला झापावं तशा म्हटल्या.

सुनीलभाऊंनी डोळे मिटून गाणं ऐकलं. "दर्द हाय," ते म्हणाले.

पहिल्या सकाळी गाडी गल्लीत शिरली तेव्हा जीवन पांघरुणात तोंड लपवून पडला होता. बाहेर खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, बायका डबे घेऊन आधीच दारात उभ्या होत्या. महिनाभरात गाणं पोरासोरांच्या तोंडी बसलं.

मग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये हर्षलचा कार्यक्रम झाला. गाणं नवं होतं, बीटही नवा होता. हर्षलने हुडी डोळ्यांवर ओढली, सनई वाजली आणि तो तोंड उघडायच्या आत सगळं मैदान गाऊ लागलं, "ओला हिरव्यात, सुका निळ्यात!"

हर्षलने स्टेजच्या कडेला उभ्या जीवनकडे पाहिलं. जीवन खाली बुटांकडे बघत राहिला. शेवटी हर्षलनेही तेच म्हणायला सुरुवात केली. एवढ्या टाळ्या त्याला भुकेवर कधी मिळाल्या नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात एका पॉडकास्टवर हर्षल गंभीर चेहऱ्याने सांगत होता, "कचरा हे आमच्या पिढीचं रूपक आहे. आम्ही ते खूप विचार करून निवडलं."

"आम्ही म्हणजे कोण रे?" मावशीने विचारलं.

"मी आणि तू," जीवन म्हणाला आणि त्याला हसू आलं.

मोबाईल बंद करून त्याने तिच्यापुढे माईक सरकवला. सुनीलभाऊंना आता डेंग्यूवर गाणं हवं होतं. मावशीने घसा खाकरला आणि या वेळी आपलं नाव आधी लागलं पाहिजे, असं बजावलं.